वेग कुणाला दिसतो?

प्रस्तावना

२००८ सालचा नोव्हेंबर. ३ तारखेला विदर्भाच्या रणजी संघातून २१ वर्षांचा एक मुलगा मध्य प्रदेशाविरुद्ध पहिल्यांदा गोलंदाजीला उतरला. दोन वर्षांपूर्वी त्याला विचारलं असतं, तर लेदरच्या चेंडूने आपण कधी खेळलोच नाही, असं त्याने सांगितलं असतं. तीन दिवसांनी, ६ तारखेला, नागपूरजवळ जामठ्याच्या नव्या कोऱ्या स्टेडियमवर भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी सुरू झाली. सौरव गांगुलीची ती अखेरची कसोटी ठरली. आणि महिना सरता सरता अमेरिकेतून बातमी आली, की पिट्सबर्ग पायरेट्स या व्यावसायिक बेसबॉल संघाने उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंशी पिचर म्हणून करार केला आहे. या दोघांनीही आदल्या वर्षापर्यंत बेसबॉल हातात घेतलेला नव्हता.

विदर्भाचा तो मुलगा उमेश यादव. या तीन घटनांचा एकमेकींशी तसा संबंध नाही. पण आरमोरी, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या चंद्रपूर-गडचिरोलीतल्या झाडीपट्टीतून त्या महिन्याकडे पाहिलं, की तिन्ही मिळून एकच प्रश्न विचारतात. ज्याच्या हातात वेग आहे असा मुलगा कुठेही जन्माला येऊ शकतो. तो दिसतो कुणाला? आणि दिसलाच, तर पुढची पायरी त्याच्या गावापासून किती लांब असते? हे पुस्तक त्या प्रश्नाबद्दल आहे.

खेळाडूंच्या चरित्रांना आपल्याकडे एक ठरलेला साचा असतो. घरची गरिबी, फाटके बूट, आईचे कष्ट, मग जिद्द आणि शेवटी निळी जर्सी. यातलं काहीच खोटं नसतं. तरी या साच्यात एक गोष्ट हमखास सुटते. गरिबी आणि जिद्द तर गावातल्या शंभर मुलांकडे असते. त्यातला एकच वर का येतो, याचं उत्तर त्या साच्याकडे नाही. ते शोधायचं तर खेळाडूकडून नजर थोडी बाजूला काढून त्याच्या आजूबाजूला उभ्या असलेल्या माणसांकडे, संस्थांकडे आणि नियमांकडे पाहावं लागतं. पुढची प्रकरणं तेच करू पाहतात.

सुरुवात बेसबॉलपासून का, असं वाचक विचारील. आपल्या भागात हा खेळ शालेय आणि विद्यापीठ स्पर्धांच्या यादीत असला, तरी बहुतेकांनी तो सिनेमातच पाहिलेला असतो. पण एका बाबतीत अमेरिकेतला पिचर आणि आपला वेगवान गोलंदाज सख्खे भाऊ आहेत. दोघांचं भांडवल एकच, चेंडू वेगाने सोडणारा हात. पिचर ६० फूट ६ इंचांवरून, म्हणजे साधारण साडेअठरा मीटरवरून फेकतो. आपला गोलंदाज २२ यार्डांच्या खेळपट्टीवर धावत येऊन टाकतो. बेसबॉल सुमारे १४५ ग्रॅमचा, क्रिकेटचा चेंडू सुमारे १६० ग्रॅमचा. एकाला कोपर वाकवून झटका द्यायची पूर्ण मुभा, तर दुसऱ्याला कोपर १५ अंशांपलीकडे सरळ करायची बंदी. एवढा फरक सोडला, तर कंबर आधी वळते, खांदा मागे राहतो, पुढचा पाय ताठ रोवला जातो आणि सगळ्या शरीराचा वेग शेवटी बोटांत उतरतो, ही क्रिया दोन्हीकडे सारखीच आहे.

अमेरिकेत अशा हाताला वर नेणारी वाट कॉलेजातून जाते. तिथल्या कॉलेज क्रीडा संघटनेचे तीन विभाग आहेत; पहिल्या विभागात श्रीमंत, नावाजलेली विद्यापीठं आणि तिसऱ्यात छोटी कॉलेजं, जिथे खेळासाठी शिष्यवृत्तीच दिली जात नाही. शिवाय दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजं वेगळी. १९६५ पासून दरवर्षी व्यावसायिक संघ 'ड्राफ्ट' भरवतात. ३० संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात आणि आता त्याच्या २० फेऱ्या होतात. निवडलेला मुलगा थेट मोठ्या संघात जात नाही. मायनर लीगच्या एकेक इयत्ता चढत त्याला वर्षानुवर्षं घासावं लागतं. बसचे लांबचे प्रवास आणि तुटपुंजा पगार हा या इयत्तांचा भाग होता. त्या खेळाडूंना पहिला सामूहिक वेतन करार मिळाला तोही २०२३ साली.

या वाटेने वर आलेल्यांत जेकब डिग्रॉमचं उदाहरण बोलकं आहे. फ्लोरिडातल्या स्टेटसन नावाच्या छोट्या विद्यापीठात तो शॉर्टस्टॉप होता, म्हणजे आपल्या भाषेत आतल्या वर्तुळातला क्षेत्ररक्षक. फलंदाज म्हणून साधारण; पण चेंडू अडवून लांबून फेकायचा तो थेट आणि जोरात. तिसऱ्या वर्षी त्याच्याकडून पिचिंग करून घेतलं गेलं. २०१० साली न्यूयॉर्क मेट्सने त्याला नवव्या फेरीत, २७२ व्या क्रमांकावर उचललं. त्याच वर्षी त्याच्या कोपराच्या स्नायुबंधाची शस्त्रक्रिया झाली. मोठ्या संघात तो पोहोचला मे २०१४ मध्ये, पंचविशी गाठल्यावर. आणि त्या वर्षीचा नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. २०१८ आणि २०१९ अशी लागोपाठ दोन वर्षं सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याच्याकडे आला. ज्याच्या आधी २७१ नावं पुकारली गेली होती, तो हा खेळाडू.

अशा छोट्या कॉलेजांपर्यंत व्यावसायिक संघांची माणसं पोहोचतात, कारण त्यांच्या हातात स्पीडगन असते आणि वेगाला प्रतिस्पर्धी लागत नाही. छोट्या कॉलेजातल्या फलंदाजाने धावांचा डोंगर रचला, तर समोरची गोलंदाजी कशी होती हा प्रश्न उरतोच. तालुक्याच्या स्पर्धेत कुणी पाच बळी घेतले, तरी तेच. पण चेंडू ताशी १४० किलोमीटरने गेला, तर तो मुंबईत जितका वेगवान असतो तितकाच वैरागडच्या शिवारातही असतो. खेळातल्या सगळ्या गुणांमध्ये वेग हा शोधायला सर्वांत स्वस्त आणि पडताळायला सर्वांत सोपा गुण आहे. या पुस्तकाचा सगळा युक्तिवाद या एका वाक्यावर उभा आहे.

रिंकू आणि दिनेशच्या बाबतीत हेच झालं. 'मिलियन डॉलर आर्म' ही तशी जाहिरातबाज स्पर्धा होती. जे. बी. बर्नस्टीन या अमेरिकन क्रीडा-एजंटने ती भारतात भरवली. निकष दोनच, वेग आणि अचूकता. हजारो मुलांनी चेंडू फेकून पाहिले. भदोही जिल्ह्यातला रिंकू जिंकला; त्याला १ लाख डॉलर मिळाले. दोघांना अमेरिकेत नेऊन सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात टॉम हाउस या नामवंत प्रशिक्षकाकडे ठेवलं. ४ जुलै २००९ ला ते गल्फ कोस्ट लीगच्या सामन्यात उतरले आणि अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉल खेळणारे पहिले भारतीय ठरले. पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. दिनेशला २०१० मध्येच संघाने मोकळं केलं. रिंकू आणखी काही वर्षं टिकला, खालच्या इयत्तांत चांगली कामगिरीही केली. पण दुखापतींनी त्याला गाठलं आणि २०१८ साली तो व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात गेला. वेग कुठेही सापडू शकतो, हे त्या स्पर्धेने दाखवलं. सापडलेला वेग टिकवायला लहानपणापासूनची सवय आणि शरीराची निगा लागते, हे त्यानंतरच्या वर्षांनी.

आता आपल्याकडची वाट. उमेश यादवचे वडील कोळसा खाणीत कामाला. कुटुंब मूळचं उत्तर प्रदेशातलं. राहणं नागपूर जिल्ह्यात खापरखेड्याजवळच्या वलनीच्या खाण वसाहतीत. विदर्भाच्या कोळसापट्ट्यात, चंद्रपूर-बल्लारपूरपासून उमरेडपर्यंत, अशा वसाहती जागोजागी आहेत, जिथे घरात भोजपुरी, तेलुगू किंवा छत्तीसगढी आणि मैदानात सगळ्यांची मिळून एक वऱ्हाडी-हिंदी चालते. उमेश टेनिस बॉलने खेळायचा. सैन्यात आणि पोलिसात भरती व्हायचा प्रयत्न त्याने केला, तो जमला नाही. मग कॉलेजच्या संघात खेळायला गेला. तिथे त्याला घेतलं नाही, कारण तो कुठल्याही क्लबकडून खेळलेला नव्हता.

इथे थोडं थांबायला हवं. अमेरिकेत ज्या कॉलेजने डिग्रॉमच्या हाताला दुसरं काम देऊन पाहिलं, त्याच जागी आपल्या कॉलेजने आधीचा दाखला मागितला. दाखला कागदावर असतो, वेग मैदानावर. त्या दिवशी कुणी मैदानावर जाऊन उमेशचे सहा चेंडू पाहिले असते, तर दाखल्याची गरज पडली नसती.

दार उघडलं ते दुसरीकडे. २००७ मध्ये उमेश विदर्भ जिमखान्याकडून खेळू लागला आणि तिथे पहिल्यांदा लेदरचा चेंडू त्याच्या हातात आला. विदर्भाचा तेव्हाचा कर्णधार प्रीतम गंधे याने त्याला पाहिलं. गंधे स्वतः फिरकी गोलंदाज. पण त्याच्या लक्षात आलं, की हा मुलगा कच्चा आहे, चेंडू कुठेही पडतो, तरी वेग असा आहे की सहापैकी तीन चेंडू जरी टप्प्यावर पडले तरी फलंदाजाची धडगत नाही. गंधेने त्याला एअर इंडियाच्या संघातून ट्वेंटी-२० स्पर्धेत खेळवलं आणि पुढे रणजी संघाचं दार उघडून दिलं. त्या पहिल्या मोसमात उमेशने चार सामन्यांत १४.६० च्या सरासरीने २० बळी घेतले. दुलीप करंडकात दक्षिण विभागाविरुद्ध त्याच्या बळींत राहुल द्रविड आणि व्ही. व्ही. एस. लक्ष्मण होते. २०१० मध्ये आयपीएलमध्ये दिल्ली, मे महिन्यात झिम्बाब्वेत पहिला एकदिवसीय सामना, आणि ६ नोव्हेंबर २०११ ला दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी. विदर्भाकडून कसोटी खेळणारा तो पहिला. २०१५ च्या विश्वचषकात भारताकडून सर्वाधिक, १८ बळी त्याचे. आणि ५७ कसोटींत १७० बळी.

हे आकडे चरित्रकोशात सापडतील. आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो मधला दुवा. गंधेने उमेशला शिकवून वेगवान केलं नाही, वेग होताच. त्याने तो ओळखला आणि जोखीम पत्करली. कच्च्या मुलासाठी संघातली एक जागा मोकळी ठेवणं ही कर्णधाराने आपल्या खिशातून दिलेली किंमत असते. अशी माणसं आपल्या क्रीडा-इतिहासात नेहमी एका ओळीत उरकली जातात. या पुस्तकात त्यांना जागा दिली आहे.

कॉलेजचं दार आपल्याकडे नेहमीच बंद होतं असंही नाही. विद्यापीठांमधली रोहिंटन बारिया करंडक स्पर्धा १९३५ पासूनची. एके काळी या स्पर्धेकडे निवड समितीचं बारीक लक्ष असे आणि विद्यापीठाच्या संघातून रणजीत, रणजीतून कसोटीत जाणं हा मुंबईकर मुलांचा राजमार्ग होता; सुनील गावस्कर त्याच वाटेने आला. पुढे १६, १९ वर्षांखालील संघांची साखळी मजबूत झाली, २००८ मध्ये आयपीएल आली, आणि कॉलेज क्रिकेट मागे पडलं. आता विशीतल्या मुलाला कॉलेजात शोधावं असं निवडकर्त्याला वाटत नाही. तोवर निवड होऊन गेलेली असते. ज्या मुलाला बारा-तेराव्या वर्षी शहरातल्या शिबिरात नेणारं कुणी नव्हतं, त्याचं नाव त्या साखळीत कधीच येत नाही. वेगवान गोलंदाजाच्या बाबतीत हे विशेष अन्यायाचं, कारण त्याचं शरीर अठरा-वीस वर्षांपर्यंत भरत असतं आणि खरा वेग त्यानंतर दिसतो. डिग्रॉम आणि उमेश दोघेही उशिरा उगवलेले. तेराव्या वर्षी दोघांपैकी कुणीही कुठल्या शिबिरात निवडला गेला असता का, याची शंकाच आहे.

महाराष्ट्रातली आणखी दोन उदाहरणं या वाटेच्या दोन बाजू दाखवतात. झहीर खान श्रीरामपूरचा, जन्म १९७८ चा. इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला, मग ते सोडून मुंबई गाठली. तिथल्या क्लब क्रिकेटमध्ये त्याचा वेग दिसला, चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये तो घडला, आणि मुंबईच्या रणजी संघात जागा न मिळाल्याने बडोद्याकडून खेळून २००० मध्ये भारतीय संघात पोहोचला. ९२ कसोटींत ३११ बळी आणि २०११ च्या विश्वचषकातले २१ बळी त्याच्या नावावर आहेत. श्रीरामपूर, मुंबई, चेन्नई, बडोदा, मग भारत. गाव सोडून तीन शहरं फिरल्याशिवाय त्याला एकही पायरी सापडली नाही.

दुसरा रजनीश गुरबानी. त्याने नागपुरात सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी पूर्ण केली आणि तरी गोलंदाजी सोडली नाही. रणजीत पदार्पण ऑक्टोबर २०१६ मध्ये, तेविसाव्या वर्षी. पुढच्याच मोसमात, २०१७ च्या डिसेंबरात, ईडन गार्डन्सवर कर्नाटकाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात शेवटच्या दिवशी कर्नाटकाला ८७ धावा हव्या होत्या आणि तीन गडी हातात होते. गुरबानीने डावात ६८ धावांत ७ बळी घेतले आणि विदर्भ ५ धावांनी जिंकला. मग इंदूरच्या होळकर स्टेडियमवर दिल्लीविरुद्ध अंतिम सामना. त्यात ५९ धावांत ६ बळी आणि हॅटट्रिक. तिसरा बळी शतकवीर ध्रुव शौरीचा. रणजीच्या अंतिम सामन्यात त्याआधी एकच हॅटट्रिक झाली होती, १९७२-७३ च्या मोसमात तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमची. १ जानेवारी २०१८ ला फैज फजलच्या नेतृत्वाखाली आणि चंद्रकांत पंडितांच्या मार्गदर्शनाखाली विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक उचलला. हा संघ १९५७-५८ पासून रणजी खेळत होता. गुरबानीचे त्या मोसमातले बळी, सहा सामन्यांत ३९.

गुरबानीची गोष्ट उमेशपेक्षा कमी नाट्यमय आहे आणि म्हणूनच आमच्या वाचकाला जास्त उपयोगी आहे. त्याच्याकडे उमेशइतका वेग नाही. स्विंग आणि अचूकता आहे. तो नागपुरात होता, शिकत होता, आणि शिकतानाच त्याला रोज लेदरच्या चेंडूने सराव करता येत होता. क्लबांची गुझदर लीग त्याच शहरात, विदर्भ क्रिकेट संघटनेची अकादमी त्याच शहरात, सुब्रतो बॅनर्जींसारखा भारताकडून खेळलेला वेगवान गोलंदाज प्रशिक्षक म्हणून त्याच शहरात. पदवी आणि गोलंदाजी यांपैकी एक निवडण्याची वेळ त्याच्यावर लवकर आली नाही, कारण दोन्हींमधलं अंतर काही किलोमीटरचं होतं.

तेच अंतर आरमोरीहून मोजून पाहा. ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर, उमरेड करत नागपूर सव्वाशे किलोमीटरच्या पुढे जातं. विदर्भाचे ११ जिल्हे एकाच रणजी संघासाठी मुलं देतात. पण लेदर क्रिकेटचं नियमित, वर्षभराचं केंद्र नागपूर. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला, २०११ मध्ये दोन्ही जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ आलं, कॉलेजं वाढली. क्रिकेटची पायरी मात्र होती तिथेच राहिली.

म्हणून इकडे क्रिकेट नाही असं कुणी समजू नये. धान कापून झालं, बांध्या वाळल्या, की धुरे ओलांडून मुलं खेळपट्टी सपाट करतात. मंडई, शंकरपट आणि झाडीपट्टीच्या नाटकांचा जो मोसम, तोच टेनिस बॉल स्पर्धांचा. गावोगाव बक्षिसांचे फलक लागतात, लाउडस्पीकरवर समालोचन चालतं, आणि एकेका संघाला दिवसाला दोन-तीन सामने खेळावे लागतात. या स्पर्धांमध्ये वेगवान गोलंदाज सहज तयार होतात, आणि त्याला भौतिक कारण आहे. टेनिसचा चेंडू साठ ग्रॅमच्या आतला. त्याला शिवण नाही, तो हवेत फारसा वळत नाही, टप्पा पडल्यावर उंच उसळतो आणि सहज मारता येतो. गोलंदाजाच्या हाती मग हाताचा वेग आणि बुंध्यात पडणारा यॉर्कर एवढंच उरतं. चार-सहा षटकांच्या सामन्यात जो हात झपकन फिरवतो तोच टिकतो.

अडचण पुढे येते. लेदरचा चेंडू जवळजवळ तिप्पट जड. तो शिवण उभी ठेवून, मनगट मागून लावून सोडावा लागतो. यॉर्करच्या सवयीचा हात चांगल्या टप्प्यावर, म्हणजे यष्ट्यांपासून सहा ते आठ मीटरवर, चेंडू पाडायला महिनोन्महिने घेतो. आणि एका दिवसात चार षटकं टाकणाऱ्या पाठीला वीस षटकांची सवय नसते. तरुण वेगवान गोलंदाजांच्या कंबरेच्या मणक्यात, बहुधा गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला, ताणाने बारीक फ्रॅक्चर होतं. डेनिस लिलीसारख्या गोलंदाजाची कारकीर्द १९७३ मध्ये त्यामुळेच संपत आली होती. पिचरच्या कोपराचंही तसंच. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर केलेली शस्त्रक्रिया आज त्याच्याच नावाने ओळखली जाते. तिकडे आता शाळकरी पिचरने दिवसात किती चेंडू टाकावेत याला वयानुसार मर्यादा आहे. आपल्या टेनिस बॉल स्पर्धांत कुणी षटकं मोजत नाही; बक्षिसासाठी एकाच मुलाला दिवसभर पळवलं जातं. ही मोजणी एका वहीत करता येते. पुस्तकातलं एक प्रकरण त्या वहीबद्दल आहे.

दुसरी गोष्ट पोलीस भरतीची. आमच्या भागात पहाटे रस्त्याने पळणारी मुलं-मुली दिसतात, ती खेळाडू म्हणून नाहीत, भरतीसाठी पळत असतात. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीची मैदानी परीक्षा ५० गुणांची: लांब धावणं, शंभर मीटर आणि गोळाफेक. धावणं आणि फेकणं, दोन्ही. म्हणजे वेगवान गोलंदाजाला लागणारी तयारी या दोन जिल्ह्यांत हजारो मुलं दरवर्षी करतात, आणि त्यांचं मोजमाप स्टॉपवॉच नि टेपने होतं. उमेशही त्याच रांगेत उभा राहिला होता. भरतीच्या निकालानंतर मागे राहिलेल्यांपैकी कुणाचा हात किती जोरात फिरतो, हे पाहायला तिथे कुणी थांबत नाही, एवढंच.

पेशा या शब्दाने कुणाच्या डोळ्यांसमोर फक्त आयपीएलचा लिलाव येत असेल, तर त्यांनी रणजीचे आकडे पाहावेत. बीसीसीआयने २०२१ मध्ये ठरवल्याप्रमाणे नवख्या रणजी खेळाडूला अंतिम अकरात असताना दिवसाला ४० हजार, तर चाळीसहून अधिक सामने खेळलेल्याला ६० हजार रुपये मिळतात. मोसमभर टिकलेल्या खेळाडूचं घर त्यावर चालू शकतं. पण विदर्भाच्या संघात वेगवान गोलंदाजांच्या जागा तीन-चारच. तिथपर्यंत न पोहोचलेल्यांसाठी क्लब, प्रशिक्षक, पंच, स्कोअरर, क्रीडाशिक्षक, खेळाडू कोट्यातली नोकरी असे मधले मुक्काम आहेत. उमेशलाही २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेत नोकरी मिळाली ती खेळाडू म्हणूनच. हे मुक्काम या पुस्तकात सविस्तर दिले आहेत. ज्या मुलाला केवळ शिखर दाखवलं जातं, त्याला परतीची वाट ठाऊक नसते. आणि घरच्यांना नेमकी तीच भीती असते.

मुलींबद्दल स्वतंत्र प्रकरण आहे. सॉफ्टबॉलमुळे महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलींच्या हाताला फेकीची उत्तम सवय आहे. कॉलेज संपलं की तो हात थांबतो, कारण पुढे व्यावसायिक पायरी नव्हती. २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीग सुरू झाल्यावर क्रिकेटमध्ये ती तयार झाली. सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलीच्या हाती क्रिकेटचा चेंडू देऊन पाहणं, हा स्टेटसन विद्यापीठाने केला तसाच प्रयोग ठरेल.

मांडणीबद्दल थोडं. पहिला भाग गोलंदाजांचा, दुसरा त्यांना ओळखणाऱ्यांचा, तिसरा शरीर आणि सरावाचा, चौथा नियम, अर्ज, वयाचे दाखले, क्लबची नोंदणी अशा रुक्ष पण अत्यावश्यक गोष्टींचा. शेवटचा भाग मुद्दाम रुक्ष ठेवला आहे. उमेशला कॉलेजच्या दारात अडवलं ते कागदानेच. मग कागद आधीच तयार ठेवलेला बरा.

हे पुस्तक मुलांनी वाचावंच, पण आमचा पहिला वाचक आहे तालुक्याच्या कॉलेजातला शारीरिक शिक्षणाचा प्राध्यापक. त्याच्याकडे मैदान आहे, हजेरीपट आहे, विद्यापीठाच्या संघनिवडीची तारीख आहे. त्याने एवढं करावं: दरवर्षी प्रवेश झाल्यावर एक दिवस ठेवावा, कॉलेजातल्या प्रत्येक इच्छुक मुलामुलीकडून सहा चेंडू टाकून घ्यावेत आणि ते मोजावेत. साधी स्पीडगन चार-पाच कॉलेजांनी वर्गणी काढून घेण्यासारखी असते. कोण कुठून आला, आधी कुठे खेळला, हे त्या दिवशी विचारू नये. ज्यांचा आकडा मोठा येईल, त्यांना लेदरचे दोन चेंडू, मॅटिंगची एक खेळपट्टी आणि आठवड्यातले तीन दिवस द्यावेत; आणि वर्षाच्या शेवटी त्यांची नावं आकड्यांसह नागपूरला कळवावीत.

यातून दरवर्षी कसोटीपटू निघणार नाहीत. कदाचित दहा वर्षांत एखादा रणजी खेळाडू निघेल, कदाचित तोही नाही. पण आज या दोन जिल्ह्यांत किती वेग आहे, हे कुणालाच माहीत नाही. दहा वर्षं मोजल्यावर ते निदान माहीत असेल. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असे तीन रणजी करंडक जिंकले. चौथ्याच्या वेळी नवा चेंडू झाडीपट्टीतल्या कुणाच्या हातात असावा, ही इच्छा धरायला हरकत नाही. मात्र त्याआधी कुणीतरी बांधीच्या धुऱ्यावर उभं राहून त्याचे सहा चेंडू मोजलेले असले पाहिजेत.